परसबागेला जाळीचं कुंपण स्वतः घालताना

कुंपण घालायचं ठरलं की माणूस आधी दुकानात जाऊन जाळीचा भाव विचारतो. खरं तर जाळी हे या कामातलं शेवटचं आणि सगळ्यात सोपं प्रकरण. खांब नीट उभे असतील तर जाळी ताणून बांधायला फारसं कसब लागत नाही. कुंपण फसतं ते दोन ठिकाणी: कागदावरच्या हद्दीत आणि कोपऱ्याच्या खांबात. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे आणि बाकीचं उरकलं आहे.

मी हे काम रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावच्या घरी केलं. त्यामुळे जांभ्याची जमीन, कोकणातला पाऊस आणि भातकापणी झाली की मोकाट सुटणारी गुरं डोळ्यांसमोर ठेवूनच लिहितोय. घाटावरच्या काळ्या मातीत काही गोष्टी बदलतात, त्या जागच्या जागी सांगितल्या आहेत.

१. अडवायचं कुणाला, ते आधी ठरवा

गाई-म्हशींना चार फूट उंची पुरते. शेळीला पाच फूट हवी, आणि तीही ताठ. सैल जाळीवर शेळी पुढचे पाय टेकवून उभी राहते, पाला खाते आणि जाळीचा झोळ करून ठेवते. रानडुकराला उंचीशी देणंघेणं नाही, तो खालून नाक घालतो. त्याचा बंदोबस्त तळाशी करावा लागतो. माकडं आणि वानर कुठल्याच जाळीने अडत नाहीत. त्यांच्यासाठी म्हणून कुणी सात फुटी जाळी खपवत असेल तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

घराभोवतीच्या बागेसाठी पाच फूट उंची सगळ्या दृष्टींनी बरी पडते. पुढचा सगळा हिशोब त्याच उंचीचा आहे.

काटेरी तार बागेला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रानात ठीक. घरापाशी पोरं खेळतात, वासरं अंग घासतात, कपडे वाळत घातलेले असतात. जाळीच्या माथ्यावर तिची एखादी ओढ, म्हणजे आडवी ताणलेली तार, हवीच असेल तर लावा, पण कंबरेच्या उंचीवर नको.

घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडायचा सल्ला गावात कुणी ना कुणी देतोच. तो ऐकू नका. हा गुन्हा आहे, आणि डुकरासाठी लावलेल्या तारेला माणसं चिकटून मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. सौर झटका मशीन ही वेगळी गोष्ट. ती क्षणभराचे झटके देते, सलग प्रवाह सोडत नाही. पण परसबागेला तिची गरज नसते.

२. हद्द आणि कागद

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक ती टाळतात आणि मग सिमेंटचे खांब उपटायची वेळ येते.

हाताशी असायला हवेत ते कागद:

- चालू सात-बारा. गावठाणातली किंवा शहरातली जागा असेल तर मिळकत पत्रिका
- गटाचा नकाशा
- पूर्वी मोजणी झाली असेल तर मोजणी नकाशाची ‘क’ प्रत
- घराचा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा
- सामाईक जमीन असेल तर सहहिस्सेदारांची लेखी संमती

यातला शेवटचा कागद कोकणात सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे एकेका सात-बाऱ्यावर आजोबांच्या भावांपासून मुंबईच्या चुलत पुतण्यांपर्यंत पंधरा-वीस नावं असतात. घराभोवतीची जागा पिढ्यानपिढ्या आपण कसत असलो तरी कागदावर ती सगळ्यांची सामाईक असू शकते. कुंपण म्हणजे ‘एवढं माझं’ असं जाहीर सांगणं. तीस वर्षं गावाकडे न फिरकलेल्या काकांनाही पहिला खांब उभा राहिला की आपल्या हिश्श्याची आठवण होते. तेव्हा खांब आणायच्या आधी फोन करा, नकाशावर रेघ मारून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, जमेल तेवढ्यांच्या सह्या घ्या. गणपतीत सगळे गावी येतात. ते दिवस या कामाला उत्तम, फक्त आरतीनंतर विषय काढा, जेवणाच्या आधी नको.

हद्दीचे दगड जागेवर दिसत नसतील, किंवा शेजाऱ्याचं आणि तुमचं म्हणणं जुळत नसेल, तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करा. अर्ज ऑनलाइनही होतो. फी क्षेत्रावर आणि मोजणी किती लवकर हवी त्यावर ठरते. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, त्यामुळे अर्जात त्यांची नावं आणि पत्ते बरोबर द्या. भूकरमापक खुणा दाखवतील तिथे त्याच वेळी, शेजाऱ्यांच्या देखत, दगड पुरा किंवा लोखंडी गज ठोका. चुन्याची खूण पहिल्या सरीत वाहून जाते.

खांब कुठे बसवायचे? मी म्हणेन हद्दीच्या रेषेपासून वीतभर आत. नेमक्या रेषेवर खांब घातला की तो अर्धा शेजाऱ्याच्या जागेत जातो. शिवाय टेकू, काँक्रीट, पुढे डागडुजी, सगळ्याला थोडी जागा लागते. वीतभर जमीन गेली म्हणून जीव जळत असेल तर शेजाऱ्याशी बोलून सामाईक कुंपण करा आणि खर्च निम्मा वाटा. तेही चांगलं, पण लेखी.

कुंपणाच्या वाटेत तीन गोष्टी येत नाहीत ना ते पाहा. पहिली, पायवाट. पाणवठ्याला, देवळाला, मागच्या वाडीला जाणारी जुनी वहिवाट कुंपणात घेतली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदार ते कुंपण काढायला लावू शकतात. वाट तुमच्याच सात-बाऱ्यात आहे हे उत्तर तिथे चालत नाही. दुसरी, पाण्याचा ओघ. पऱ्या किंवा पावसाळी वहाळ जाळीने अडवला की पालापाचोळा अडकतो, बांध तयार होतो आणि एका रात्रीत खांबांसकट सगळं वाहून जातं. त्या जागी कुंपण थांबवून दोन्ही काठांवर कोपऱ्यासारखे भक्कम खांब द्या आणि मधल्या भागात दर पावसाळ्यात मोकळी करता येईल अशी लटकती चौकट ठेवा. तिसरी, महावितरणचा पोल किंवा त्याला आधार देणारी ताणतार. त्याला जाळी बांधायची नाही.

३. हंगाम

दिवाळीनंतर सुरुवात करून होळीच्या आत संपवा. जमिनीत ओल असते, खणायला सोपं जातं, उन्हाचा कडाका नसतो. एप्रिल-मेमध्ये जांभा इतका कडक होतो की पहार उडते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं आणि काँक्रीट पातळ होतं. शिवाय मेमध्ये काढलेलं काम मेमध्ये संपत नाही, हा गावाकडचा अलिखित नियम आहे.

४. खांब कसले घ्यावेत

सिमेंटचे तयार खांब, आत सळ्या किंवा ताणलेल्या तारा घातलेले, हे समुद्राजवळच्या हवेत सगळ्यात टिकाऊ. चार इंच बाय चार इंच जाडीचा सात फुटी खांब पन्नास किलोच्या वर जातो, तेव्हा उचलायला दोन माणसं हवीत. उतरवून घेताना आडवा झेलू नका आणि आपटू देऊ नका. बारीक चीर गेली की आतली सळी गंजून फुगते आणि दोन-तीन वर्षांत खांब उलतो. घेताना प्रत्येक खांबावर पाणी मारून पाहा, चीर असेल तर ओली रेघ उठून दिसते.

लोखंडी अँगल हलका आणि बसवायला सोपा, पण जमिनीला टेकतो नेमका तिथेच गंजतो. अँगल घ्यायचा तर जस्ताचा मुलामा असलेला घ्या आणि काँक्रीट जमिनीच्या दोन-तीन इंच वर काढून त्याला उतार द्या.

लाकडाचे खांब स्वतःच्या बागेतून निघत असतील तर स्वस्त पडतात, मात्र साग, ऐन, किंजळ, खैर यांसारखी झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लाकूड वापरलंत तर गाडला जाणारा भाग आणि वर वीतभर डांबर लावा. तरी वाळवी येतेच, उशिरा येते इतकंच.

५. मापं आणि माल

उदाहरणादाखल ६० फूट बाय ४० फूट बाग घेऊ. घेर २०० फूट. दोन खांबांत ८ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. दोन खांबांमधली जागा म्हणजे गाळा. ६० फुटी बाजूला साडेसात फुटांचे ८ गाळे, ४० फुटी बाजूला आठ फुटांचे ५ गाळे. चारही बाजू मिळून २६ खांब. फाटकासाठी एका आठ फुटी गाळ्याच्या मधोमध आणखी एक खांब, म्हणजे २७.

यातले चार कोपऱ्याचे आणि दोन फाटकाचे असे सहा खांब ८ फुटी मागवा, उरलेले २१ खांब ७ फुटी. टेकूसाठी ६ फुटी खांब दहा: प्रत्येक कोपऱ्याला दोन, फाटकाच्या प्रत्येक खांबाला एक.

जाळीचा भाव विचारण्याआधी गेज समजून घ्या, कारण फसवणूक इथेच होते. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. ८ गेज म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर, १० गेज म्हणजे सव्वातीन, १२ गेज म्हणजे २.६, १४ गेज म्हणजे २ मिलिमीटर. गुरांचा त्रास असेल तर १० गेज घ्या. नुसती कुत्री-कोंबड्या असतील तर १२ चालेल. १४ गेजच्या वाटेला जाऊ नका, बैलाने एकदा मान घासली की संपलं. भोक दोन इंची असावं.

दुकानदार कधी किलोवर भाव सांगतो, कधी फुटावर. दोन दुकानांची तुलना करताना हे माप उपयोगी पडेल: दोन इंची भोकाची पाच फुटी जाळी १० गेजमध्ये फुटाला साधारण १.२ किलो भरते, १२ गेजमध्ये ८०० ग्रॅम. १० गेज म्हणून दिलेलं ५० फुटी बंडल ६० किलोच्या जागी ४५ किलो भरलं, तर एकतर तार बारीक आहे किंवा भोक मोठं आहे. आपल्या २०० फुटांसाठी ५० फुटी चार बंडलं, म्हणजे १० गेजमध्ये २४० किलोच्या आसपास.

आडव्या ओढींसाठी १० गेजची सुटी तार: वर, मध्ये, खाली अशा तीन ओढी धरून गुंडाळण्यासकट १४ किलो. ओढी ताणायला टर्नबकल, म्हणजे फिरवून तार आवळायचा आट्यांचा स्क्रू, बांधायला जस्ताची बारीक तार. बांधकामाची काळी बाइंडिंग वायर वापरू नका, दोन पावसाळ्यांत तिचा चुरा होतो आणि जाळी खांबापासून सुटते.

काँक्रीट १:२:४, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. सिमेंटची ५० किलोची गोणी सव्वा घनफूट भरते. एका गोणीचं तयार काँक्रीट साडेपाच घनफुटांच्या आसपास निघतं. मधल्या खांबाचे तीन खड्डे त्यात होतात, कोपऱ्याचा मात्र एकच. आपल्या बागेला १५ गोण्या, वाळू ४० घनफूट, खडी पाऊण ब्रास (७५ घनफूट) लागेल. पुरवठादार ‘एक ब्रास घ्या, कमी पडेल’ म्हणतातच. उरलेली खडी फाटकापाशी पसरता येते, म्हणून मी त्यावर वाद घालत नाही.

हत्यारं: पहार, टिकाव, फावडं, दोन घमेली, ३० मीटर टेप, लाइनदोरी, ओळंबा, चुन्याची फक्की, पक्कड, तार कापायची कातरी, जाड हातमोजे. तार ओढायचं रॅचेट गावात कुणाकडून तरी एका दिवसासाठी मिळालं तर मागून आणा. माणूस मदतीला एक हवाच. एकट्याने सिमेंटचा खांब ओळंब्यात धरून काँक्रीट ओतता येत नाही.

६. आखणी

चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोका आणि दोरी ताणा. बाग काटकोनात हवी असेल तर गवंडी करतात तेच करा: कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दोरी सरकवा. मोठ्या जागेला ६, ८, १० घ्या, चूक कमी राहते. हद्दच तिरकी असेल तर काटकोनाचा हट्ट सोडा आणि हद्दीबरोबर जा.

दोरीवर टेप धरून खड्ड्यांच्या जागी फक्कीने फुल्या मारा. मध्ये आंब्याचं मूळ किंवा कातळ आला तर तो खांब फूटभर इकडेतिकडे करा, पण दोरीच्या रेषेत. गाळा लहान झाला तर चालतो, रेषा मोडली तर जाळी तिथे कायम सुरकुतते.

७. खड्डे

मधल्या खांबांसाठी फूट बाय फूट आणि दोन फूट खोल. कोपरे आणि फाटक दीड बाय दीड, अडीच फूट खोल. तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळता खड्डा खणण्याची सगळ्यांना सवय असते. इथे उलट हवं: तळ वरच्यापेक्षा थोडा रुंद, म्हणजे काँक्रीटचा गड्डा जमिनीत अडकून बसतो.

जांभ्यात फूटभर खणल्यावर सलग कातळ लागला तर तेवढ्यावर भागत नाही, पण मशीन बोलावण्याचीही गरज नाही. पहारीने खांबाच्या मापाची खाच आणखी सहा-आठ इंच खोल करा. कातळात घट्ट बसलेला दीड फूट मऊ मातीतल्या अडीच फुटांपेक्षा भारी.

काळ्या मातीत गोष्ट वेगळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी खांबाला थोडा वर ढकलते, थोडा कलवते. तिथे मधले खड्डेही अडीच फूट घ्या, तळाशी सहा इंच मुरूम ठोकून बसवा, आणि शक्य असेल तर मातीचा थर संपून मुरूम लागेपर्यंत जा. तसे खड्डे असतील तर खांब अर्ध्या फुटाने लांब मागवा.

८. खांब उभे करणं

सगळं कुंपण कोपऱ्यांवर उभं असतं. ताणलेली जाळी चारही कोपऱ्यांना आत ओढत राहते, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. मधल्या खांबांचं काम जाळीला उभं धरण्याइतकंच. म्हणून पैसे वाचवायचे तर मध्ये वाचवा. माती घट्ट असेल तर दर दुसरा मधला खांब काँक्रीटऐवजी दगड आणि मुरूम ठोकून बसवला तरी चालतो. कोपऱ्यात एक घमेलंही कमी करू नका.

क्रम असा: आधी चार कोपरे आणि फाटकाचे दोन. खड्ड्याच्या तळाशी मूठ-मूठभर खडी टाका, खांब ठेवा, लगतच्या दोन बाजूंनी ओळंबा लावून पाहा, दगडांनी आवळा आणि काँक्रीट ओता. पहारीने कोचत राहा, म्हणजे पोकळी राहणार नाही. पाणी बेताचं घाला. मिश्रण फावड्यावरून सरकावं, ओघळू नये. माथा बाहेरच्या बाजूला उतरता करा, खांबाच्या बुडाशी पाणी साचता कामा नये.

मग टेकू. टेकू नेहमी कुंपणाच्या रेषेत येतो, बागेच्या आत तिरका नाही. कोपऱ्यातून दोन बाजू निघतात, म्हणून दोन टेकू. खांबाच्या साधारण साडेतीन फूट उंचीला टेकूचं डोकं टेकवायचं आणि पाऊल तितक्याच अंतरावर जमिनीत फूटभर घालायचं. पावलाखाली चपटा चिरा ठेवा, म्हणजे टेकू जमिनीत रुतत नाही. डोक्याला छिद्र असेल तर नट-बोल्ट, नसेल तर जाड तारेचे चार वेढे. फाटकाजवळच्या चार फुटी गाळ्यात टेकूचं पाऊल शेजारच्या खांबाच्या काँक्रीटमध्येच बसतं, ते चांगलंच. एखादी बाजू शंभर फुटांपेक्षा लांब असेल तर मध्येही एका खांबाला दोन्हीकडून टेकू द्या.

दोन दिवसांनी कोपऱ्या-कोपऱ्यांत वर एक आणि खाली एक अशा दोन दोऱ्या ताणा आणि मधले खांब त्या दोऱ्यांना स्पर्श न करता, बोटभर सोडून उभे करा. दोरीला चिकटवून लावलात तर एखादा खांब तिला ढकलतो आणि पुढची सगळी रांग बाक घेते.

नंतर सात दिवस रोज सकाळ-संध्याकाळ काँक्रीटवर पाणी. गोणपाट टाकून ओला ठेवला तर उत्तम. या आठवड्यात जाळीला हात लावायचा नाही. ‘दगडासारखं झालंय’ म्हणून तिसऱ्या दिवशी ताण दिला की कोपरा आतल्या आत हलतो. तो हललेला दिसत नाही, पुढच्या मेपर्यंत कुंपण लोळायला लागतं तेव्हा कळतं.

९. ओढी आणि जाळी

आधी तीन आडव्या ओढी ताणा: वरची माथ्याशी, खालची जमिनीपासून चार बोटं, मधली मध्यावर. एका टोकाला पक्का वेढा, दुसऱ्या टोकाला टर्नबकल.

जाळी खांबांच्या बाहेरच्या बाजूने लावा. आत उभं राहून काम करणं सोयीचं म्हणून बहुतेक जण आतून लावतात. पण गुरं बाहेरून रेटतात. जाळी बाहेर असेल तर तो रेटा खांबांवर जातो, आत असेल तर बांधणीच्या बारीक तारेवर. शेजाऱ्याच्या जागेतून काम करावं लागणार असेल तर त्याला आधी विचारा.

बंडल जमिनीवर न उलगडता कोपऱ्याशी उभं करा. जाळीच्या पहिल्या उभ्या ओळीतून एक सळी ओवा आणि ती सळी कोपऱ्याच्या खांबाला चार-पाच जागी बांधा. मग बंडल उलगडत जा आणि दर दोन खांबांवर वरच्या ओढीला नुसतं अडकवत चला. दुसऱ्या टोकाला पुन्हा सळी ओवून रॅचेटने ओढा. रॅचेट नसेल तर सळीमागे पहार घालून कोपऱ्याच्या खांबावर तरफ धरा. ताण किती, ते असं ओळखा: गाळ्याच्या मधोमध तळहाताने दाबल्यावर जाळी इंच-दीड इंच जावी आणि लगेच परत यावी. भोकं उभी लांबट दिसू लागली तर ताण कमी, आडवी लांबट झाली तर जास्त.

दोन बंडलं जोडायला तारेने शिवत बसू नका. जाळी म्हणजे एकात एक अडकवलेल्या नागमोडी तारा. बंडलाच्या टोकाची एक तार वरचं आणि खालचं वळण सरळ करून फिरवत-फिरवत वर काढता येते. दोन्ही बंडलं शेजारी धरा आणि तीच तार दोघांमधून फिरवत खाली घाला. सांधा शोधून सापडणार नाही. जाळी कमी करायची असेल तेव्हाही हेच: हवी तिथली एक तार काढली की दोन तुकडे आपोआप सुटे होतात.

शेवटी ओढींना दर फुटा-दीड फुटावर आणि खांबांना चार जागी बांधा. तारांची टोकं आत वळवा. उतारावर जाळी थोडी तिरकी होऊन उताराबरोबर जाते. उतार फार असेल तर पायऱ्या-पायऱ्यांनी लावा आणि खालचे त्रिकोण चिऱ्यांनी बुजवा.

१०. तळ

डुकरांचा वावर असेल तर जाळीच्या बाहेर टेकून जांभ्याच्या चिऱ्यांची एक ओळ अर्धी जमिनीत गाडा. जुन्या गडग्याचे दगड पडलेले असतील तर तेच वापरा. चिरे मिळत नसतील तर वीतभर चर खणून वेगळी फूट-दीड फुटी जाळी बाहेरच्या बाजूला आडवी पुरा आणि मुख्य जाळीला बांधा. डुक्कर कुंपणाच्या बुडाशी उकरतो आणि तिथे त्याला जाळीच लागते.

११. फाटक

माणसाच्या ये-जा करण्याला चार फुटी गाळा पुरतो. पण शेणखताचा टेम्पो कधी आत घ्यावा लागेल का, याचा विचार आत्ताच करा, नंतर खांब काढणं जिवावर येतं. लोखंडी चौकटीत जाळी बसवलेलं फाटक फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, हे स्वतः करण्यात फायदा नाही. माप मात्र खांब उभे राहिल्यावर, वर-मध्ये-खाली तीन ठिकाणी घेऊन द्या. फाटक बाहेर उघडण्यापेक्षा आत उघडावं, आणि जमिनीपासून तीन बोटं वर असावं, नाहीतर पावसाळ्यात माती चढून अडतं. मागच्या बाजूला ये-जा कमी असेल तर बांबू सरकवायचं जुनं बेडं अजूनही सोपं आणि बिनखर्चाचं.

१२. पावसाळ्यात जिवंत वई (झाडांचं कुंपण)

जूनच्या पहिल्या सरींबरोबर कुंपणाच्या आतून फुटाफुटावर गिरिपुष्पाच्या चार फुटी फांद्या रोवा. पावसाळ्याअखेर त्या जगलेल्या दिसतात. पाला खताला होतो आणि काही वर्षांनी जाळीला आधारही मिळतो. छाटणी मात्र वर्षातून दोनदा. निर्गुडीही चांगली, गुरं तिला तोंड लावत नाहीत. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो आणि मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात, त्यामुळे लहान मुलं असलेल्या घरी हे दोन्ही टाळा.

जाळीवर दाट वेल किंवा हिरवी शेडनेट चढवण्याचा मोह अनेकांना होतो. साध्या जाळीतून वारा आरपार जातो, नेट लावली की तिचं शीड होतं. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळासारखा वारा आला तर खांबांसकट कुंपण आडवं होऊ शकतं. आडोसा हवाच असेल तर मेअखेर नेट उतरवून ठेवा. कारली, दोडके चढवा खुशाल, ते पावसाबरोबर येतात आणि जातात.

१३. पहिल्या वर्षी काय बघायचं

पहिला पावसाळा संपला की टर्नबकल दोन-तीन आटे आवळा, कारण खांब थोडेफार बसतात आणि ओढी सैलावतात. कोपऱ्यांना पुन्हा ओळंबा लावा. बुडाशी गवत दाटू देऊ नका, तिथे ओल राहून खालच्या ओढीला आधी गंज चढतो. जिथे कातरी चालली किंवा खरचटलं त्या टोकांना जस्ताचा रंग लावा. उरलेली जाळी, दोन-चार सुट्या तारा आणि एक जास्तीचा सात फुटी खांब पडवीत ठेवा. नारळाची झावळ पडून एखादा गाळा चेपला तर तेवढाच तुकडा काढून बदलता येतो.